स्टोअरचा पत्ता

स्टोअरच्या काकांना सकाळी दहाला साहेबांच्या खोलीत बोलावलं आणि दहा वाजून चार मिनिटांनी मी त्यांचा ईमेल बंद केला. आमच्याकडे पद्धतच तशी आहे. माणूस आत बसून बातमी ऐकत असतो तेव्हाच त्याचा पासवर्ड बदलायचा, म्हणजे रागाच्या भरात त्याने कुणाला काही लिहायला नको.

काका बाहेर आले, दोनदा पासवर्ड टाकून पाहिला आणि सरळ माझ्या टेबलापाशी आले.

"पोरी, पाच मिनिटं उघडून दे. एक पत्ता उतरवून घेतो."

"कुणाचा?"

"मुलीचा."

अकरा वर्षांपूर्वी लग्नावरून भांडून ती दूर निघून गेली होती. घरात तिचा विषय निघाला की काकू ताटावरून उठत. कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकात तिला स्टोअरचा ईमेल सापडला होता. वर्षातून तीन-चारदा ती त्यावर लिहायची. तिचा पत्ता काकांना पाठ नव्हता.

"कधी टाइपच करावा लागला नाही गं. तिचं आलं की खालचं उत्तराचं बटण दाबायचं."

मी म्हटलं, साहेबांची लेखी परवानगी आणा. साहेब म्हणाले, काढलेल्या माणसाला पाच मिनिटं दिली की तो पन्नास मागतो.

"तिचं काही आलं तर मी सांगेन तुम्हाला," मी काकांना म्हटलं. पुढच्या शुक्रवारी कागदांवर सह्या करायला ते येणारच होते.

त्याच आठवड्यात मी ईमेल नव्या मेसेजिंग सिस्टीमला जोडत होते. प्रत्येक विभागाचा एक ग्रुप. विभागाच्या पत्त्यावर आलेला मेल ग्रुपमध्ये सगळ्यांना दिसायचा, आणि त्या मेलखालच्या चौकटीत कुणी उत्तर लिहिलं तर ते मेल होऊन बाहेर जायचं. बाहेर जायची सोय फक्त विक्री विभागाला ठेवायची होती. स्टोअरच्या ग्रुपवरची 'उत्तर बाहेर पाठवा' ही खूण काढायची माझ्याकडून राहिली. पाठवणाऱ्याच्या जागीही अजून काकांचंच नाव होतं.

मंगळवारी मेल आला. नऊ जणांनी वाचला.

"बाबा, मला मुलगी झाली. पुढच्या महिन्यात तिला घेऊन येऊ का? तुम्ही हो म्हणालात तरच तिकीट काढते. नाही म्हणालात तर पुन्हा त्रास देणार नाही."

ग्रुपमध्ये लगेच सुरू झालं.

"काका आजोबा झाले रे. पार्टी कुणाकडे मागायची?"

"साहेबांकडे माग. त्यांनीच मोकळं केलंय त्यांना, नात सांभाळायला."

फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला सगळे वकील म्हणत. काकांनी त्याला वर्षानुवर्षं उशिरा येण्यावरून चारचौघांत झापलं होतं. तो मेलखालच्या चौकटीत लिहून गेला, "आहेस तिथेच राहा, पोरीला घेऊन. इथे तुझी कुणी वाट बघत नाही." आठ जणांनी हसण्याची चिन्हं टाकली. आपण आपसात बोलतोय असंच त्यांना वाटत होतं.

नोंदीत मला दिसलं: अकरा बेचाळीस, उत्तर मुलीच्या पत्त्यावर पोचलं.

मुलीला खरं कळवायचं तर ती खूण कुणी ठेवली हेही सांगावं लागणार होतं. माझी नोकरी पक्की व्हायला सहा आठवडे उरले होते. मी खूण काढली, ग्रुपमधून मेल पुसला आणि एक नियम लिहिला: मुलीच्या पत्त्यावरून येणारा प्रत्येक मेल वाटेतच टाकून द्यावा, पाठवणाऱ्याला कळवू नये. चाचणी घेतली. नियम व्यवस्थित चालत होता.

"ताई, काकांचा मेल कुठे गेला?" वकिलाने जेवणाच्या सुट्टीत विचारलं. "आम्ही नावं ठेवायला बसलो होतो बाळाची."

"जोडणी चालू आहे. कामं कर."

शुक्रवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. सह्या झाल्यावर खालच्या बाकावर माझी वाट बघत बसले.

"काही आलं?"

"नाही, काका."

"दिवस भरत आले होते तिचे. मोकळी झाली की लिहील." त्यांनी खिशातून पेन काढलं. "पत्ता तेवढा देतेस? यांना कशाला कळतंय. पुढचं मी बघतो."

"तुमचे जुने मेल नव्या सिस्टीममध्ये आलेच नाहीत. पुसले गेले सगळे."

"सगळे?"

"सगळे."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तुझा काय दोष."

मी वर गेले. मेलबॉक्समध्ये तिची एकतीस पत्रं अजून होती. पुसायला चार सेकंद लागले.