सर्व मापे मिमीमध्ये

लेयर: बाह्यरेषा

एक बुश. नायलॉनचा, बोटाच्या नखाएवढा. रोलरच्या टोकाला बसतो, म्हणून वरचे क्रेट पुढे सरकतात. तो फुटला की पिंपळगावच्या पॅकहाउसातला पट्टा बंद पडतो आणि मालकीणबाईंच्या, म्हणजे मैनाताईंच्या, तोंडाचा सुरू होतो.

"संजना, बुशांचा पार चुरा झालाय. द्राक्षं आत, बाया हात बांधून बसल्यात. तुझ्या सायबानं नकाशाची फाइल धाडली, ती इथल्या लेथवाल्याकडं उघडंना. म्हणतीय, आधी सॉफ्टवेअर घ्या. मी द्राक्षं भरू का सॉफ्टवेअर घेऊ?"

तो बुश संजनानेच काढला होता. तो पट्टा बनवणाऱ्या अंबडच्या कारखान्यातली सगळी ड्रॉइंगं तीच काढायची. साहेब, म्हणजे प्रफुल्ल सर, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात आपलं नाव घालायचे.

"डीएक्सएफमध्ये देऊ का, सर? कुणाकडंही उघडतं."

"म्हणून तर द्यायचं नाही." सर चहा फुंकत होते. "कुठंही उघडलं तर आपल्याकडं कोण येईल? परवा आपला माणूस जाईल. थांबतील तोवर. जातात कुठं?"

जातात कुठं. संजनाच्या मस्तकात तिडीक गेली. रेघ माझी, पट्टा ताईंचा, आणि कुलूप ह्यांचं.

सर जेवायला गेले. सेव्ह ॲज. डीएक्सएफ. सेंड.

लेयर: मापे

बाहेरून १२. आतून ८. लांबी ६.

लेयर: मजकूर

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

"पोतंभर बुश आलेत. एकेक बैलगाडीला लावावा असा. थट्टा करती का माझी?"

ताईंच्या हातातला फोन लेथवाल्या दीपकने घेतला. "म्याडम, आठ म्हणजे आठ सूत, एक इंच. आमच्यात लहान पोरगं पण सांगंल. मिमी होतं तर लिहायचं ना."

"लिहिलं होतं, दादा. खाली, मोठ्या अक्षरांत."

"ते व्हय? ÃÖ¾ÖÔ ´ÖÖ¯Öê असलं कायतरी होतं. मला वाटलं व्हायरस लागलाय. पुसून टाकलं."

'सर्व मापे मिमीमध्ये' हे संजनाने ऑफिसातल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. तो फॉन्ट याच चार कॉम्प्युटरांत होता. बदलू या, असं ती कितीदा म्हणाली होती. सरांचं उत्तर ठरलेलं: "इथं दिसतंय ना?"

इथं दिसतंय ना. इथंच उघडतंय ना. तिच्या मराठीलाही ह्यांनी कुलूप घातलं होतं, आणि ते ती रोज स्वतःच्या हाताने लावत आली होती. राग आधी सरांवर होता. आता तो कुठे ठेवावा, तिला कळेना.

लेयर: बंद होता, चालू केला

या वेळी तिने सर जेवायला जायची वाट पाहिली नाही. साध्या मराठीत, कुठल्याही फोनवर दिसेल अशा अक्षरांत, तिने प्रत्येक आकड्यापुढे 'मिमी' लिहिलं. १२ मिमी. ८ मिमी. ६ मिमी. कीबोर्ड असा वाजत होता की सर उठून मागे आले.

"काय चाललंय? ही फाइल कंपनीची आहे."

"पट्टा त्यांचा आहे."

"काल तूच पाठवलीस ना? बघितलंस काय झालं? म्हणून उघडं द्यायचं नसतं."

"काल अर्धीच उघडी होती, सर. म्हणून झालं."

"पाठवलीस तर उद्या यायचं नाही."

कोपऱ्यातल्या चौकटीत 'काढले' समोर 'प्रफुल्ल' होतं. तिने ते खोडलं. 'संजना' लिहिलं, तेही साध्या अक्षरांत. मग फाइल पाठवली आणि सरांसमोरच दीपकला फोन लावला.

"दादा, उघडली? खाली काय लिहिलंय ते वाचा. मोठ्यानं."

तिने स्पीकर चालू केला.

"सर्व मापे," दीपक अडखळत, शाळेत वाचावं तसं वाचू लागला, "मिमीमध्ये. आता कसं. सूत नाय. काढले, संजना."

लेथ सुरू झाल्याची घरघर फोनमधून आली. सर काहीतरी बोलत होते. तिने आवाज वाढवला आणि डबा पिशवीत भरायला घेतला.