पहिलं उत्तर

एकतीस वर्षं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात काढली, तेव्हा कुणी धड 'एलियासाहेब' म्हटलं नाही. निवृत्त होऊन सावेडीच्या फ्लॅटमध्ये बसलो आणि 'आपला गोठा' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्याभरात 'सर' झालो. गाय खाईना, वासरू हगतंय, कास सुजली. कुणी विचारायचा अवकाश, माझं उत्तर तयार. लोकांच्या उपयोगी पडावं म्हणून करतो, असं मी सांगायचो. खरं तर मला उत्तराखाली येणारे अंगठे हवे असायचे. आणि ते श्रीरामपूरच्या ज्ञानेश्वर नावाच्या पोरगेल्या डॉक्टरच्या आधी हवे असायचे.

त्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश रंगात आला होता. मी गीतांच्या पुस्तकाआड मोबाईल धरलेला. बायकोने, स्टेलाने, कोपर मारलं, तरी धरलेला. श्रीगोंद्याकडच्या कडूबाईंनी व्हिडिओ टाकला होता. एकटी बाई, घर चालतं ते एका दुभत्या गायीवर. चर्चमध्ये म्हणून मी आवाज बंद करून पाहिला. गाय बसलेली, डावी कूस टम्म फुगलेली. तेवढ्यात 'ज्ञानेश्वर टाइप करत आहे' असं दिसलं आणि माझे हात शिवशिवले. 'पोटफुगी आहे. अर्धा लिटर गोडेतेल पाजा,' असं लिहून मी मोकळा झालो. आमेन म्हणेपर्यंत अकरा अंगठे आले. ज्ञानेश्वर टाइप करायचा थांबला.

जेवणं झाल्यावर कडूबाईंचा आवाज ग्रुपवर आला. "तेल पाजलं, तरी गाय गेली. सर, तुमी बिचाऱ्यांनी लगीच सांगितलं. माझंच नशीब खोटं."

मी सकाळचा व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी आवाजासकट. कडूबाई सांगत होत्या, "सर, रातीच व्यालीया. उठंना. कान गार पडल्यात."

दुधी ताप. नावालाच ताप, व्यायल्यावर गायीच्या अंगातलं कॅल्शियम उतरतं आणि ती गार पडते. नोकरीच्या पहिल्या वर्षातला माणूसही ओळखेल. अशा गायीला गिळता येत नाही, पाजलेलं तेल थेट फुप्फुसात जातं. शिरेतून कॅल्शियम दिलं असतं तर ती बहुतेक तासाभरात उठली असती. तिचं नशीबबिशीब काही नाही, गाय मी मारली होती.

स्टेलाला सांगितलं. ती भांडी घासत होती, तिने नळ बंद केला.

"फोन करा त्यांना. आत्ताच्या आत्ता."

"ग्रुपवर लिहितो. बाकीच्यांनाही कळायला हवं."

"बाकीच्यांची गाय मेली नाही," ती म्हणाली.

तरी मी ग्रुपवरच लिहिलं. तीनदा खोडलं, तीनदा सुधारलं. 'मी कडूबाईंचा गुन्हेगार आहे' हे वाक्य आधी मधे होतं, ते उचलून शेवटी टाकलं, तिथे ते जास्त लागत होतं. पाठवलं आणि बसलो. 'सर, असा मोठेपणा आता कुठे बघायला मिळतो!' 'सर, तुमच्यासारखे तुम्हीच.' ज्ञानेश्वरनेसुद्धा हात जोडले. मला हलकं वाटलं. हलकं कसलं, चांगलंच वाटलं. लाज वाटते सांगायला, पण मी अंगठे मोजत होतो. त्यांच्या मधेच एक करडी ओळ आली. कडूबाई ग्रुपमधून बाहेर पडल्या होत्या.

तेव्हा कुठे मी फोन लावला. त्यांनी लगेच उचलला.

"कडूबाई, माझं चुकलं. मी व्हिडिओचा आवाज बंद..."

"समजलं मला. शेजारच्या संस्कृतीनं वाचून दाखीवलं, सकाळच्यावानीच. तिला वाचता वाचता रडू आलं. मला लिव्हता-वाचता येत न्हाई, सर. म्हून तर म्या बोलून सांगितलं हुतं."

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"म्या बोलले ते तुमी ऐकलं न्हाई. आन चूक सांगायची तर समद्यांला सांगितली. आदी मला सांगायची हुती."

"हो," मी म्हणालो.

मागे वासरू एकसारखं हंबरत होतं. जेमतेम एका दिवसाचं. आईविना त्याला कसं जगवायचं, काय पाजायचं, किती पाजायचं, हे सगळं मला तोंडपाठ आहे. मी त्यांनी विचारायची वाट बघत राहिलो. "ठेवते," म्हणून त्यांनी फोन ठेवला.