पैठणीसोबत एक पांढरा शर्ट

वन्संची जांभळी पैठणी मी मशीनला लावली आणि बाहेरच्या खोलीत चहा पीत बसलेल्या वन्सं सोफ्यावर गोल फिरायला लागल्या.

आधी उजवीकडे फिरल्या. मग थांबल्या, दम खाल्ला आणि डावीकडे फिरल्या. कपबशी त्यांच्या हातातच होती आणि चहाचा थेंबही सांडत नव्हता.

"सुनेत्रा," फिरता फिरता त्या म्हणाल्या, "मला कसंतरीच होतंय गं."

हातात पावडरीचा चमचा धरून मी दारात उभी राहिले.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची, मधूची, थोरली बहीण. परवा त्यांच्या शलाकाचं लग्न, तेही इथे कराडातच, म्हणून मायलेकी आमच्याकडे उतरल्या होत्या. काल केळवणात पैठणीच्या पदरावर श्रीखंड सांडलं आणि वन्संनी ती साडी घडी करून माझ्या हातात दिली.

"तूच बघ बाई काय ते. आमचं आयुष्य सुतीत गेलं. माझ्याकडं दिलीस तर मी दगडावर आपटीन."

ते खरंच होतं. लहानपणी वन्सं आणि मधू, दोघं भावंडं ओढ्यावर गोधड्या पिळायची. एक टोक ताईकडे, एक मध्याकडे, तो उजवीकडे वळायचा आणि ती डावीकडे. त्यांनी पिळलेली गोधडी वाळत घालायला लागत नाही, तशीच पांघरावी, असं सासरी अजून कौतुकाने सांगतात.

रेशमातलं कळतं ते मला. सगळे तसं मानतात आणि खरं सांगायचं तर मीही मानते. रिठ्याचं गार पाणी, चिमूटभर मीठ, सावली, आणि आभाळ कोसळलं तरी पिळायचं नाही. पण सकाळपासून पाहुण्यांचा चहा संपेना, रिठे भिजवणार कधी? मशीनवर पिसाचं चित्र असलेलं एक बटण आहे. पिसाला चालतं ते पैठणीला चालेल, असं मला वाटलं. शिवाय एका साडीसाठी एवढं पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून मी मधूचा एक पांढरा शर्टही सोबत टाकला.

मी मशीनकडे धावले. झाकण उघडेना. आत पाणी आहे तोवर ते उघडत नाही. काचेमागे जांभळं पाणी फिरत होतं आणि बाहेर वन्संचा रंग जात होता. आधी कुंकू गेलं, मग हातातला हिरवा चुडा पांढरा झाला, मग गाल दूध जास्त झालेल्या चहासारखे झाले. मी घाबरून मशीनची पिनच ओढली.

वन्सं थांबल्या. त्यांचं तोंड भिंतीकडे राहिलं होतं.

"मला जरा वळव गं," त्या म्हणाल्या.

मी त्यांना खांद्यांना धरून वळवलं. माझे हात ओले झाले.

मागची नळी खाली सोडून पाणी काढलं, तेव्हा झाकण उघडलं. पैठणी कांद्याच्या आतल्या सालीच्या रंगाची झाली होती. पदरावर एकही मोर नव्हता. सगळे मोर मधूच्या शर्टाच्या खिशावर दाटीवाटीने बसले होते.

बैल गेला नि झोपा केला म्हणतात, तशी मी मिठाची बरणी घेऊन आले. बादलीत गार पाणी घेतलं, मीठ विरघळवलं आणि साडी अलगद आत सोडली.

"गार लागतंय," वन्सं बाहेरून म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "सुनेत्रा, हिची घडी तूच मोडली होतीस ना?"

मीच मोडली होती. पैठणी घेतली तेव्हा वन्संनी ती आधी माझ्या हातात ठेवली होती. आपली नवी साडी पहिल्यांदा दुसरीला नेसायला देणं, याच्याइतकी माया आमच्यात दुसरी नाही. मी ती नेसून घरभर मिरवले होते, आरशासमोर रडलेही होते.

"म्हणजे वरचा रंग माझा होता. तो निघाला," वन्सं म्हणाल्या. "आता खाली तुझा."

इतक्यात मधू झोपेतून उठून बाहेर आला. तो जांभळा झाला होता, कपाळापासून पायाच्या बोटांपर्यंत. शर्ट तर अजून माझ्याच हातात होता.

"रुखवताचे लाडू झाकलेत का?" त्याने वन्संच्या आवाजात विचारलं. "मुंग्या लागतील. पोरगी सासरी निघालीय आणि घरात कुणाला कशाची पर्वा नाही."

वन्संनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं.

"लग्न आहे वाटतं कुणाचं?"

"शलाकाचं, वन्सं. तुमच्या शलाकाचं."

"चांगलं नाव आहे," त्या म्हणाल्या.

शलाका मेंदी काढायला गेली होती आणि आता कधीही परतणार होती. दारात उभी राहून ती आईला हाक मारेल आणि आई तिला विचारेल, कोण गं तू? मला ते बघवलं नसतं. मी शर्ट त्याच बादलीत टाकला आणि पैठणीशेजारी धरून ठेवला. गेलेला रंग परत जाईल का, मला माहीत नव्हतं.

रंग परतायला लागला. खिशावरचा एक मोर पाण्यात उतरला आणि पदराच्या कडेला जाऊन बसला.

"शलाकाला," वन्सं हळूच म्हणाल्या, "मेंदी चांगली रंगते. माझ्यासारखी."

मला रडू फुटलं. मग माझं लक्ष पाण्याकडे गेलं. त्यावर माझं कुंकू तरंगत होतं. बादलीतल्या माझ्या बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या, नखं कोऱ्या कागदासारखी झाली होती. साडी बाहेर काढली तर मी वाचणार होते. राहू दिली तर वन्संना पोरगी परत मिळणार होती. मला भयंकर भीती वाटली. तरी मी साडी पाण्यातच धरली. अजून एक मोर उतरू दे, मग काढू, असं मी म्हणत राहिले.

तेवढ्यात मधूने माझ्या अंगावरून हात घालून साडी बाहेर ओढली.

"आता भिजवत बसलीस तर वाळणार कधी?" तो म्हणाला. "परवा मी काय ओली नेसू?"

फरशीभर पाणी झालं. त्याने एक टोक मुठीत घट्ट धरलं आणि दुसरं वन्संसमोर केलं.

"मध्या, धर ते टोक," तो वन्संना म्हणाला.

वन्सं लगेच उठल्या. मेंदीचं, लग्नाचं जे काही परत आलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरून निघून गेलं आणि तिथे ओढ्याकाठची पोर उभी राहिली. त्यांनी पदर खोचला, टोक धरलं, पाय रोवले.

"पिळू नका," मी म्हणाले. "रेशीम आहे ते. वन्सं, मी आहे त्यात."

माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

मधू उजवीकडे वळला, वन्सं डावीकडे. माझी पावलं बाल्कनीकडे होती, ती तशीच राहिली. तोंड मात्र स्वयंपाकघराकडे गेलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, मग पुन्हा बाल्कनीकडे. दुखलं नाही. नाकाच्या शेंड्यावरून आणि हातांच्या बोटांवरून पाणी गळायला लागलं.

बाहेर दारावर कुणीतरी कोपराने ठोठावलं.

"आई, दार उघड ना," शलाका म्हणाली. "माझे हात ओले आहेत."

मी दाराकडे बघायचा प्रयत्न केला. मान वळली, ती थांबलीच नाही.

"अजून पाणी आहे हिच्यात," वन्सं म्हणाल्या, आणि दोघांनी पकड बदलली.