साबूत कोपरा

एकोणीसशे एकसष्टचा माघ. अंगणातल्या खाटेवर जुनं धोतर पसरून मथुराबाई मुगाच्या वड्या टाकत होती. पहाटे पाट्यावर वाटलेली डाळ घमेल्यात फुगली होती. ऊन उतरायच्या आत खाट भरायला हवी होती. तेवढ्यात फकिरा पोस्टमननं कुंपणाला सायकल टेकवली आणि कार्ड हातात न देता ओट्याच्या कडेला ठेवलं.

"केळापूरचं हाय."

"वाचता का, भाऊ?"

"असं मी नाई वाचत, बाई. बबनरावाले येऊ द्या."

मथुराबाईचा हात डाळीतच राहिला. कार्डाचा कोपरा फाटलेला होता. मौतीची खबर असली की कोपरा फाडूनच कार्ड टाकतात, हे अक्षर न येणाऱ्यालाही ठाऊक होतं. केळापुरात तिची एकटी माय होती, दिवाळीपासून अंथरुणावर.

सासू तानाबाई बाहेर आली. कार्डाकडे पाहून तिनं न्हाणीत दोन घागरी पाणी ठेवलं. मथुराबाई लुगड्यासकट न्हाली. घमेल्यातली डाळ, खाटेवरच्या ओल्या वड्या, सगळं तानाबाईनं गाईपुढं लोटलं आणि चूल विझवली. मग दोघी ओट्यावर बसून राहिल्या. मथुराबाई बोटांवर वाळलेली डाळ नखानं खरवडत होती.

नवरा, बबनराव, महागावला कापसाच्या जिनात कामाला. आठवडी बाजाराच्या दिवशीच घरी यायचा. नशिबानं तोच दिवस होता. दिवेलागणीला आला, उभ्यानंच कार्ड वाचलं आणि हसत सुटला.

"अवं, जित्ती हाय माय तुही. मोहिउद्दीननं लिवलं. आई रोज नाव घेते, दोन दिवस येऊन जा. अन् कोपरा बकरीनं खाल्ला, माफी करा म्हणे."

मोहिउद्दीन म्हणजे मायच्या शेजारचा सायकलवाला. मायची पत्रं तोच लिहायचा.

तानाबाईनं कपाळाला हात लावला. "पायलीभर डाळ गेली माही त्या बकरीपायी."

"मी सकाळच्या मोटारीनं जातो," मथुराबाई म्हणाली.

"जाय न. कोण नाई म्हणते? पण वड्या टाकून जाय. फागुनाचा वारा सुटला का धूळ बसते."

सकाळी जिनाकडे निघण्याआधी बबनरावनं उत्तर लिहिलं: लवकरच येतो, पण कोपरा जपत जा भाई, घरात रडारड झाली.

डाळ पुन्हा भिजली, वाटली, वड्या वाळल्या. मग तूर झोडायला आली. मग तानाबाईची कंबर धरली. विहिरीवर बाया विचारायच्या, "काहो मथुराबाई, बकरीचं सुतक फिटलं का?" ती पदर तोंडाला लावून हसायची.

दुसरं कार्ड बाजार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी आलं. ती पाण्याला गेली होती. फकिरा दाराच्या फटीतून सरकवून गेला. मथुराबाईनं चारही कोपरे बोटांनी चाचपले. साबूत. शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घ्यावं असं मनात आलं, पण पुन्हा गाव हसलं असतं. तिनं कार्ड कपाळाला लावलं आणि कोनाड्यात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलं. सहा दिवस ती येता-जाता त्याच्याकडे पाहत होती. मायसाठी वड्यांची पुरचुंडीही बांधून झाली.

बाजाराच्या दिवशी बबनरावनं करंडा बाजूला करून कार्ड वाचलं. मग ते घेऊन तो अंगणात गेला, आणि तिथं पाठमोरा उभा राहून त्यानं त्याचा कोपरा फाडला.

मथुराबाईनं दारातून ते पाहिलं आणि न्हाणीकडे वळली. मायचा दहावा त्याच दिवशी सकाळी होऊन गेला होता.

तानाबाई पुढं चार वर्षं जगली; सुनेच्या माहेरचा विषय निघाला की उठून आत जायची. बबनराव जिनातून सुटल्यावर गावाची पत्रं वाचू लागला, हातातलं काम टाकून, कोपरा न पाहता. फकिराची बदली राजूरकडे झाली. मायचं घर पावसात बसलं. त्यानंतर एकदाच मथुराबाई केळापूरला गेली. मोहिउद्दीननं जपून ठेवलेला मायचा पितळी तांब्या तिच्या हाती दिला.

"दहाव्याले पिंडाले कावळा शिवत नव्हता, बहन. सारे म्हणत, लेक येऊन राह्यली असन. कार्ड भेटलं होतं न? तुमी सांगतलं तसा कोपरा जपला होता म्या."

"हो, भाई," मथुराबाई तांब्या पदरानं पुसत म्हणाली. "साबूत होता."