कुबसाचा खण

चंद्रव्वानं हिरवा खण शिवलिंगप्पाच्या पुढ्यात ठेवला आणि शरणम्माकडं न बघताच म्हणाली, "उद्या लेकीचं कुबसा हाय, डोहाळजेवणाची चोळी घालायचीया. सातवा लागलाय पोरीला, चोळी जरा सैल धरा. आन् कापायचं तुमीच बरं का, दादा."

बाळीवेशीतल्या त्या शिंप्याच्या दुकानाची रीत सगळ्यांना ठाऊक होती. शरणम्मा मशीन चालवायची, काजं करायची, तुरपाई अशी घालायची की टाका शोधून सापडू नये. पण कात्री नाही. नवरा होता तेव्हा तिनं एकदाच एका पोलक्याचा गळा कापला, तो भलताच खाली उतरला. गिऱ्हाईक बाईनं ते पोलकं दुकानाच्या दाराच्या खिळ्यालाच टांगलं. सारी बाळीवेस बघून गेली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हिनं ताकाचा नादच सोडला. कापायचं काम नवऱ्याचं, आणि तो गेल्यावर थोरल्या दिराचं, शिवलिंगप्पाचं.

आता दीर दुकान मोडून पुण्याला लेकाकडं निघाला होता. मशीन तू ठेव, म्हणाला. माणूस चांगलाच. पण कापता न येणाऱ्या बाईला मशीन काय चाटायचंय? म्हणून संध्याकाळी तिचा भाऊ सांगोल्याहून तिला न्यायला यायचा होता. उरलेला जन्म भावजयीनं वाढलेलं खाली मान घालून खायचं, या विचारानं शरणम्माचा जीव अर्धा झाला होता.

शिवलिंगप्पानं पाटावरच्या कात्रीकडं हात केला. काल खंडेनवमीची पूजा होऊन ती तिथंच विसावली होती, आज दसऱ्याला उचलायची.

"भावजी, थांबा. मी कापते."

चंद्रव्वानं खण ओढून घेतला. "न्हाय बाई. बिघडला तर दुसरा कुटनं आणू मी आज?"

"कापू द्या की," शिवलिंगप्पा म्हणाला. "मी हाय हितं. चुकाय लागली तर हात धरतो."

शरणम्माला हायसं वाटायला हवं होतं. तिला राग आला. जन्मभर कोणी ना कोणी हात धरायला बसलेलंच. "तुमी बाहीर बसा, भावजी."

तो ओट्यावर जाऊन बसला. त्याच्या भरवशावर चंद्रव्वानं खण सोडला, पण उंबऱ्यातून हलली नाही.

शरणम्मानं खडूनं रेघा आखल्या. एक रेघ पुसून पुन्हा आखावी लागली. कात्री पदरानं पुसली, श्वास धरला आणि बाजूच्या रेघेवर चालवली. पाती उघडली तशी सांध्यात राहिलेलं पूजेचं, तेलात कालवलेलं कुंकू हिरव्या खणावर टपकलं.

दरवर्षी पूजेनंतर दीर आधी एक चिंधी कापायचा. का, ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

तेलकट कुंकू, धुऊन निघणार नाही. दाराचा तो खिळा अजून तिथंच होता. बाहेर शिवलिंगप्पा खोकला. एक हाक मारली असती तर तो आत आला असता, पुढचं सगळं त्यानं निस्तरलं असतं. हाक अगदी ओठांवर आली होती.

तिनं ती गिळली. डाग शिवणीच्या आत दाबला तर दडेल, पण चोळी घट्ट होईल, आणि पोर सातव्यात. मग तिला आईची जुनी चोळी आठवली. काखेत तिकोनी तुकडा असायचा. तिनं कात्री नीट पुसली, चिंधी कापली आणि उरलेल्या खणातून दोन तिकोनी तुकडे काढले. व्हायचं ते वाईट होऊन गेलं होतं. आता भ्यायचं कशाला? ती मशीनवर बसली.

चोळी शिवून झाल्यावर तिनं ती स्वतःच उलटी केली. "अक्का, माझ्या हातनं डाग पडलाय. शिवणीत घेतलाय. काखेत तुकडा घालून सैल केलीया."

चंद्रव्वानं शिवण ताणून पाहिली. काखेत मूठ घालून फिरवली. मग दाराच्या खिळ्याकडं बघितलं.

"भाईरनं दिसत न्हाय," चंद्रव्वा अखेर म्हणाली. "पोरीला हात वर कराया बी मोकळं झालं. बारशाची कुंची तूच शीव."

शिवलिंगप्पा आत आला. "कात्री ठेव तुला."

"नको, भावजी. ती तुमच्या हाताची. मी माझी घेईन."

दिवेलागणीला भाऊ आला. "गाठोडं बांदलं का न्हाय अजून?"

तिनं त्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, पाया पडली आणि ताट वाढायला घेतलं. "अण्णा, जेवून जा. आन् जाऊन वैनीचं मापाचं पोलकं धाडून दे. दिवाळीला मी शिवून देते."