पंधरा किलोचं दळण

"ज्वारीचं दळण थोडं थोडं आणत जाय बेबे, आठ दिवसाच्या वर पीठ ठिवू नको," असं सगुणाबाईंनी सुनेला एकदा नव्हे, तीनदा सांगितलं होतं. बेबीनंदानं तिन्ही वेळा हं म्हटलं आणि तिन्ही वेळा तिचं लक्ष मांडीवरच्या पोरीच्या वाहत्या नाकाकडे होतं. पीठ जुनं झालं की त्यात किडे पडतात म्हणून सासू सांगत असेल, असा अर्थ तिनं लावला. बी.ए. झालेली मुलगी, किड्यांवर घट्ट झाकणाचा डबा हा उपाय तिनं तेव्हाच मनात काढून ठेवला आणि विषय संपवला.

मस्तगडच्या माहेरी तिला स्वयंपाकाला हात लावू दिला नव्हता. आई म्हणायची, तू अभ्यास कर, चूल कुठं पळून चालली. लग्न होऊन जालन्याच्या एमआयडीसीलगतच्या दोन खोल्यांत आली, तर इथं सगुणाबाई. लोखंडाच्या मिलमध्ये पाळी करून नवरा, भुजंग, सायकलवर घरी यायचा तेव्हा ताटात गरम भाकरी पडायची ती सगुणाबाईंच्या हातची. बेबीनंदा तांदूळ निवडायची, भाजी चिरायची, भांडी घासायची आणि बाळंतपणानंतर पोरीचं करायची. घर असं बरं चाललं होतं, आणि बरं चाललं होतं म्हणूनच ती काही शिकली नाही.

यंदाच्या, म्हणजे सत्त्याण्णवच्या, संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी सगुणाबाई मोरीत बसल्या त्या उठल्याच नाहीत. उजवं अंग गेलं, वाचा गेली. अठरा दिवस दवाखान्यात काढून घरी आणल्या तेव्हा तोंडातून फक्त "ब, ब" एवढंच निघायचं. डोळे मात्र पहिल्यासारखेच होते, घरभर फिरणारे. त्यांचा पलंग स्वयंपाकाच्या खोलीतच टाकला, कारण दुसऱ्या खोलीत पोरीचा पाळणा आणि पाळी करून आलेला भुजंग झोपायचा.

डॉक्टरांनी सांगितलं ते साधंच होतं. गोळ्या चालू राहतील, पण बाईच्या पोटात अन्न गेलं पाहिजे. नाही गेलं तर गोळ्यांचा उपयोग नाही. मऊ, गिळता येईल असं द्या. भाताचं शीत घशाशी गेलं की सगुणाबाईंना ठसका लागायचा, इतका की डोळे पांढरे व्हायचे. दूध-बिस्किटाला दोन दिवसांत त्यांनी तोंड फिरवलं. साठ वर्षं ज्वारीवर जगलेली बाई. ताज्या मऊ भाकरीचा आतला भाग वरणात कुस्करून भरवला तर जातो, हे दवाखान्यातच कळलं होतं. तिथं शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बहीण डब्यातली अर्धी भाकरी द्यायची. म्हणजे आता सगळं भाकरीवर येऊन थांबलं, आणि भाकरी बेबीनंदावर.

अंथरुणावरची सासू आणि दहा महिन्यांची पोर टाकून आठवड्याला गिरणीत जायचं कसं? तिनं विचार करून भुजंगकडून एकदाच पंधरा किलो ज्वारी दळून आणवली. घट्ट झाकणाच्या डब्यात भरली. त्या दिवशी तिला आपल्या व्यवस्थेचं कौतुकही वाटलं, ते खोटं कशाला सांगायचं.

पहिले आठ दिवस तर बघवत नव्हते. पिठल्यात गाठी झाल्या. भुजंगनं मुकाट्यानं जेवून शेवटी विचारलं, "आज पिठल्यात भजी सोडले का?" वरणाची डाळ कधी कच्ची, कधी करपलेली, कारण कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला पोरगी दचकून रडायची आणि चौथी झाली की नाही तेच आठवायचं नाही. भाकरीचं तर विचारूच नका. उंडा हातात धरला की चिकटायचा, थापला की परातीला धरून बसायचा, उचलला की नकाशासारखा फाटायचा. तव्यावर पडेपर्यंत तिचे तीन तुकडे व्हायचे. त्यातला त्यात मऊ तुकडा निवडून ती भरवायची आणि सगुणाबाई दोन-तीन घास गिळायच्या. दोन-तीनच, पण गिळायच्या.

मग हात वळायला लागला. खरंच वळायला लागला. पाणी किती, मळायचं किती, बोटं कशी फिरवायची हे पंधराव्या-सोळाव्या दिवशी तिला कळायला लागलं होतं. आणि नेमका तेव्हाच भाकरीचा काठ चिरायला लागला. थापता थापता मधूनच भेग जायची. जाड ठेवली तर आत कच्ची राहायची, पातळ केली तर पापडासारखी कडक व्हायची. शेजारची राजकुमारी भाभी, किराणा दुकानवाल्यांची, तिनं उकळतं पाणी घालून मळायला सांगितलं. "हमारे यहां तो गेहूं ज्यादा चलता है, पण ट्राय तर कर," म्हणाली. त्यानं भाकरी थोडी जुळून आली. पण घास तोंडात गेला की सगुणाबाई तो जिभेनं बाहेर ढकलायच्या. बेबीनंदानं स्वतः चाखून बघितलं. किंचित कडवट लागलं. करपली असेल, असं तिला वाटलं. आपल्याच हातचं काही नीट लागतं यावर तिचा तेव्हा विश्वासच उरला नव्हता.

वाचणाऱ्यांपैकी ज्या भाकरी करतात त्यांना हे केव्हाच कळलं असेल. ज्वारीच्या पिठात एक चिकटपणा असतो, त्याला विरी म्हणतात. दिवस गेले की विरी जाते, पीठ कडू पडतं, मग कोणाच्याही हातची भाकरी जुळत नाही. पहिल्या आठवड्यात पीठ चांगलं होतं आणि हात कच्चा होता. हात तयार झाला तेव्हा पीठ मेलेलं होतं. सगुणाबाईंना हे पलंगावरून दिसत होतं. भाकरीची भेग बघूनच त्यांना कळलं होतं. फक्त सांगायला तोंड नव्हतं.

त्या सांगत मात्र होत्या. बेबीनंदा मळायला बसली की "ब, ब" सुरू व्हायचं. डावा हात पलंगाखाली लोंबकळत पुढं यायचा. एकदा त्यांनी परातीतलं चिमूटभर पीठ उचललं, बोटांत चोळलं आणि जमिनीवर सोडून दिलं. बेबीनंदा त्यांच्याकडे बघत राहिली. तिला त्या डोळ्यांत राग दिसला. आपण कधी शिकलो नाही, याचा राग. सुनेनं पुस्तकं वाचली आणि म्हातारपणी उपाशी ठेवलं, याचा राग. ती रोज रात्री सासूच्या मनगटाला दोन बोटांचा वेढा घालून बघायची. आधी बोटं जेमतेम टेकायची. आता एकावर एक चढत होती.

आणि एका शुक्रवारी दुपारी सगुणाबाईंनी परातच ढकलली.

ती पलंगाच्या कडेला ठेवलेली होती. डाव्या हाताचा सगळा जोर लावून त्यांनी ती उलटी केली. पीठ खोलीभर उडालं, रांगत आलेल्या पोरीच्या डोक्यावर पडलं, पोरगी शिंकून रडायला लागली. सगुणाबाई धापा टाकत डब्याकडे हात करत राहिल्या, पण बेबीनंदा तेव्हा डब्याकडे बघतच नव्हती. ती पोरीचे डोळे पुसत होती आणि स्वतःही रडत होती.

भुजंग आला तेव्हा तिनं सांडलेलं पीठ तसंच ठेवलं होतं.

"आत्याबाईंनी परात ढकलून दिली," ती म्हणाली. "माझ्या हातचं नकोच त्यांना. मी काय करू ते सांगा तरी."

भुजंग आईजवळ बसला. "माय, जेवायचं न्हाई का तुला?" सगुणाबाईंनी मान हलवली. ती नाही म्हणून होती, का तसं नाही रे म्हणून होती, ते त्यालाही कळलं नाही.

"वहिनीच्या हातची खाईल ती," तो म्हणाला. "वसंतादादाला निरोप देतो. काही दिस परतूरला राहू दे. इथं ती उपाशी मरून राह्यली."

बेबीनंदाला तेव्हा थांबा म्हणता आलं असतं. भुजंगचा थोरला भाऊ वसंता परतूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचा, जाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरात माणूस नसायचं, हे तिला चांगलं माहीत होतं. पण ती बोलली नाही. उद्यापासून परातीपुढं बसावं लागणार नाही, या विचारानं क्षणभर तिची छाती मोकळी झाली होती. पुढं तिनं स्वतःला सगळं माफ केलं असतं, ती मोकळी झालेली छाती सोडून.

रविवारी वसंता ओळखीच्या टेम्पोतून आला. सगुणाबाईंना गोधडीसकट उचलून मागं ठेवलं. त्यांनी डाव्या हातानं बेबीनंदाचा पदर धरला होता. वसंतानं एकेक बोट सोडवलं आणि हसत म्हणाला, "सून सोडवंना का मायला?" सगळे हसले, बेबीनंदाही हसली.

डबा संपायला आणखी तीन आठवडे गेले. भुजंग कडक भाकरी चहात बुडवून खायचा. मग ती तीन किलो ज्वारी घेऊन स्वतः गिरणीत गेली, पोरीला कडेवर घेऊन.

गिरणीवाल्या कडूबानं पिशवी उचलून बघितली. "एवढंच? मागं तर तुमच्या मालकानं पंधरा किलो नेल्तं."

"एकदम दळून ठेवलं होतं. आता माणसं कमी झाली."

"बाई, त्या टायमालाच म्हणणार होतो मी. मंग म्हटलं, काही कार्यक्रम असंल घरी." त्यानं ज्वारी वर ओतली. "ज्वारीचं पीठ आठ-दहा दिसात उतरतं. विरी जाती. मंग थापा का नुस्तं बघत बसा, ते जुळत न्हाई. घरात म्हातारं माणूस न्हाई का सांगायला?"

घरी येऊन तिनं उंडा घेतला. भाकरी परातीतून उचलली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. ती फुगली. पापुद्रा सुटून आला आणि आतला भाग मऊ निघाला, डॉक्टर म्हणाले होते तसा गिळता येण्यासारखा. बेबीनंदानं ती ताटात ठेवली आणि तशीच बसून राहिली. गॅस चालू होता, तवा धुरायला लागला. परात आपल्यावर नव्हे, त्या जुन्या पिठावर रागावून ढकलली होती, ते आता तिला कळलं.

भुजंगला तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. आईला परत आणू, असं ती म्हणाली तेव्हा तो एसटीडी बूथवरून वसंताशी बोलला आणि उतरलेल्या तोंडानं आला. वसंताचं म्हणणं, माय काय पोतं आहे का, इकडून तिकडं टाकायला. तुमच्याच्यानं झालं न्हाई म्हणून आणली, आता उन्हाळा सरू द्या. उन्हाळा तेव्हा नुकता कुठं लागत होता. पुढच्या वेळी फोनवर विचारलं तर बरी आहे, एवढंच सांगितलं. काय खाते, विचारलं तर, खाते की.

मग परतूरहून एक बाई राजकुमारी भाभीच्या दुकानात आली, तिच्याकडून कळलं. सकाळी जाऊ दोन भाकरी आणि पाण्याचा तांब्या पलंगाशी ठेवते. कुत्री शिरू नयेत म्हणून जाताना बाहेरून कडी लावते. भाकरी चांगली असते, मऊ असते. पण भरवायला कोणी नाही. संध्याकाळी बऱ्याचदा ती तशीच असते, फक्त वाळलेली.

बेबीनंदाला जाता येत नाही. पोरीला गोवर निघाला आहे, भुजंगची रात्रपाळी सुरू आहे, आणि वसंताच्या दारात उभं राहण्याची तिची हिंमतही होत नाही, हेही तिनं कबूल केलं आहे. म्हणून तिचं तुम्हाला सांगणं आहे. तुमच्यापैकी कोणी परतूरकडचं असेल, किंवा बाजाराच्या निमित्तानं मोंढ्यात जाणार असेल, तर मोंढ्याच्या मागच्या गल्लीत वसंता हमालाचं घर विचारा. दुपारी जा. दाराला बाहेरून कडी असेल, ती काढून आत जा. म्हातारी बोलणार नाही, तिला काही विचारू नका. ताटात किती उरलं आहे ते बघा, मनगटाला दोन बोटं लावून बघा. जमलं तर पाच मिनिटं बसा आणि एक घास पाण्यात भिजवून डाव्या बाजूनं तोंडात द्या. आणि ती गिळते का, ते नीट बघून या.