परातीतली किल्ली

दूध संघ एका कंपनीने चालवायला घेतला ही बातमी टँकरच्या ड्रायव्हरांना कुंडलच्या चहाच्या गाड्यावर कळली, आणि तीही चहावाल्याकडून. कोयनानगरच्या घाटापासून कृष्णाकाठच्या वाड्यावस्त्यांपर्यंत रोज दूध गोळा करणाऱ्या माणसांना त्यांचा मालक बदलला हे चहावाल्याने सांगायचं, यापेक्षा जास्त अब्रू कुणी कशी काढणार? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. आकारामने अर्धा प्यालेला ग्लास खाली ठेवला. त्याच्या डोक्यात पहिल्यांदा आला तो पाडवा.

पाडव्याला त्याच्या फंडाची दहा वर्षं भरणार होती. दहा भरली की पेन्शन, नाही भरली की नाही, असा सरळ हिशेब होता. पाडव्यानंतर लगेच त्याला अठ्ठावन्न पुरी होत होती आणि अठ्ठावन्ननंतर पेन्शनचे पैसे कापत नाहीत, म्हणजे पुन्हा कुठे लागून राहिलेले दिवस भरून काढायचे हेही जमणारं नव्हतं. संघात येण्याआधी त्याने उभं आयुष्य लोकांचे ट्रक चालवले. ऊस वाहिला, विटा वाहिल्या, द्राक्षाच्या पेट्या दिल्लीपर्यंत नेल्या. जेवलास का म्हणून विचारणारे मालक त्याला भेटले, पण फंड कापणारा एकही भेटला नाही.

आता ही पेन्शन किती, तर आकडा ऐकून पुण्यातला माणूस हसेल. पण आकारामचं गाव म्हणजे घरटी एक फौजी. महिन्याच्या सुरुवातीला इस्त्रीचे कपडे घालून पेन्शनर मंडळी बँकेत निघायची, तेव्हा त्यांच्यात त्याचा थोरला भाऊ भाऊसो सुभेदार सगळ्यांत पुढे असायचा. लग्नात पुढच्या खुर्च्या यांच्या, गावकीत पहिला शब्द यांचा. आकारामची छाती भरतीच्या वेळी दोन बोटं कमी भरली आणि तेव्हापासून तो कायम मागच्या रांगेत. शिवाय आपल्या माघारी बायकोच्या, चंद्राबाईच्या नावावर दर महिन्याला काहीतरी येत राहील, हे त्याच्या मनात होतं. हे तो कुणाला बोलत नसे, पण खरं कारण तेच होतं.

कंपनीचा मॅनेजर जयराज हा पुण्याहून आलेला पोरगेला, गोड बोलणारा माणूस. त्याने मीटिंग घेऊन सांगितलं, "सगळ्यांनी राजीनामे द्यायचे आणि आमच्या ठेकेदाराकडे लागायचं. हातात पैसे जास्त मिळतील. फंड मात्र बंद. कारण यापुढे तुम्ही नोकर नाही, भागीदार आहात!" भागीदार म्हटल्यावर दोनचार जण उगाच ताठ बसले. आकाराम मात्र बोटांवर पाडव्यापर्यंतचे दिवस मोजत बसला.

युनियनचा सेक्रेटरी, स्वतःही टँकरच चालवणारा अण्णाप्पा तीनदा वाटाघाटीला आत गेला आणि तीनदा हात हलवत बाहेर आला. चौथ्यांदा तो गेलाच नाही. गेटसमोर उभं राहून म्हणाला, "परात मांडायची."

ही परात म्हणजे संघाच्या ड्रायव्हरांचं ब्रह्मास्त्र. गेटजवळ मारुतीचं छोटं देऊळ आहे. संप करायचा ठरला की देवासमोर पितळी परात मांडायची, शेंदूर कपाळाला लावायचा आणि एकेकाने आपल्या टँकरची किल्ली त्यात टाकायची. करार सही होईपर्यंत परातीला कुणी हात लावायचा नाही. कुलूप नाही, राखण नाही. अण्णाप्पा जातीने जैन, पण मारुतीपुढे नारळ फोडायचा मान त्याचाच. आजवर दोनदा परात मांडली आणि दोन्ही वेळा दूध नासायच्या आत चेअरमन अनवाणी धावत आले. त्यातली पहिली परात बदली ड्रायव्हरांना कायम करावं म्हणून होती. आकाराम तेव्हा बदलीवर होता. त्याचा फंड सुरू झाला तो त्या परातीमुळे.

परात मांडायच्या दिवशी सकाळी चंद्राबाईने त्याच्या हातात लाल दोरा बांधलेली कपाटाची किल्ली ठेवली.

"ही टाका परातीत. गाडीची कमरंला राहू दे."

"येड लागलं का तुला? शेंदूर लावून खोटं करू व्हय?"

"आवं, कंपनी म्हणंल किल्ली दिली म्हंजी नोकरी सोडली. मग काय करशीला? पाडवा किती लांब हाय? देवाला मी सांगती समजावून. त्यो आपलाच हाय."

"आन कपाट?"

"ऱ्हाऊ दे बंद. मी हाय त्याच लुगड्यावर काढीन दोन दिस."

आकारामने किल्ली घेतली. वाटभर एका खिशात कपाटाची आणि दुसऱ्या खिशात टँकरची किल्ली चाचपत तो गेला. आपल्यासारखा हलकट या संघात दुसरा नसेल असं त्याला वाटत होतं.

देवळासमोर तीसेक ड्रायव्हर रांगेत उभे होते. गुंडा नावाचा जुना ड्रायव्हर पुढे झाला, कपाळाला शेंदूर लावला, मूठ परातीवर धरून उघडली. खण्ण. मग दुसरा. मग तिसरा. सगळे कसे गंभीर, डोळे मिटून, मूठ अगदी परातीच्या तळाशी नेऊन टाकत होते. आकारामला त्यांचं कौतुक वाटलं. त्याची पाळी आली तेव्हा उजव्या मुठीत कपाटाची किल्ली घामाने ओली झाली होती.

परात धरून बसलेल्या अण्णाप्पाने मान वर केली. "टाक, आकारामा. पयली परात तुमा बदलीवाल्यांसाठीच मांडली हुती न्हवं?"

झालं. आकारामने उजवा हात मागे घेतला, डाव्या खिशातली टँकरची किल्ली काढली आणि परातीत टाकली. टाकल्यावर त्याची छाती इतकी भरली की त्या दिवशी भरती असती तर तो नक्की पास झाला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जयराज गेटबाहेर आला. सगळे ड्रायव्हर गेटसमोरच्या वडाखाली बसले होते. त्याने वॉचमनला सांगितलं, "ती परात उचलून आण." वॉचमन गावातलाच. त्याने कानाला हात लावला आणि मागे सरला. तेव्हा जयराज स्वतः देवळात गेला, बूट काढले, मारुतीला नमस्कार केला आणि परात उचलून गेटच्या आत टेबलावर आणून ठेवली.

परातीला हात! चेअरमनने कधी हात लावला नव्हता, पोलिसांनी लावला नव्हता. आकारामला वाटलं, आता काहीतरी होणार. हा माणूस उलथून पडेल नाहीतर गर्दी तरी उठेल. यातलं काहीच झालं नाही.

"या किल्ल्या कंपनीकडे जमा झाल्या," जयराज शांतपणे म्हणाला. "ज्याने किल्ली दिली त्याने आपणहून गाडी सोडली असं मी धरतो. पण दूध आज गेलं पाहिजे. ज्याच्याकडे आपल्या टँकरची किल्ली असेल त्याने आत येऊन गाडी काढावी. त्याचा जुना करार वर्षभर चालू. फंडासकट."

आकारामला हसू फुटलं. अरे शहाण्या, किल्ल्या सगळ्या तुझ्यापुढे परातीत, आणि गाडी काढणार कोण, तुझा बाप? तो हसत हसत गुंडाकडे वळला. गुंडा जागेवर नव्हता.

गुंडा मान खाली घालून गेटातून आत चालला होता. तो आपल्या टँकरपाशी गेला, कमरेच्या करदोट्यातून काहीतरी काढलं आणि केबिनमध्ये चढला. टँकर सुरू झाला.

आकाराम बघतच राहिला. किल्ली परातीत आणि टँकर सुरू, हे त्याच्या डोक्यात शिरेना. तोवर दुसरा ड्रायव्हर आप्पासो उठला. त्याने बनियनमध्ये हात घातला. मग कुणी पायमोज्यात हात घातला, कुणी टोपीत. एकही माणूस दुसऱ्याकडे बघत नव्हता. एकामागून एक इंजिनं धडधडू लागली, धुराने आवार भरलं आणि परात टेबलावर किल्ल्यांनी गच्च भरलेली तशीच होती. आकारामच्या कानशिलात कुणीतरी वाजवावी तसं झालं.

वडाखाली शेवटी दोघेच उरले, तो आणि अण्णाप्पा.

"चल," अण्णाप्पा जमिनीकडे बघत म्हणाला. "आता काय ऱ्हायलंय इथं? काढ तुझी बी."

"माझी काय?"

"किल्ली रं. कमरंला असंल ती."

आकारामने खिशात हात घालून किल्ली काढली आणि त्याच्यासमोर धरली. लाल दोऱ्याची, कपाटाची.

अण्णाप्पा त्या किल्लीकडे बघत राहिला. त्याचं तोंड उघडं पडलं. "म्हंजी तू... खरी टाकलीस?"

"तूच म्हणलास की टाक."

"आरं, तुला कोण... समदी खोट्या टाकणार हे मला आदल्या दिशीच कळलं हुतं. बाया नळावर बोलत हुत्या, सायबापतोर बी गेलं असंल. मग मी एकट्यानं खरी टाकून काय करू म्हणून मी बी बोअरच्या पेटीची टाकली. तू टाकशील असं सपनात बी आलं न्हाई, गड्या. तुला तर समद्यात जास्त गरज हुती."

आकारामला राग यायला हवा होता. तो आला नाही. त्याला नुसतं गार वाटत होतं, भर दुपारी.

टेबलाजवळ जयराजने परात उपडी केली. कपाटांच्या, मोटारीच्या पेट्यांच्या, जुन्या लुनाच्या, ट्रंकांच्या किल्ल्या पसरल्या. एक तर कुठल्याशा शाळेच्या घंटेच्या खोलीची होती. तो बोटाने एकेक बाजूला सारत होता आणि आधी हसत होता. मग एका किल्लीपाशी त्याचं बोट थांबलं. तिला टँकरच्या नंबरचा बिल्ला होता.

"ही कुणाची?"

अण्णाप्पा पळत गेला. "सायब, ती द्या त्याला. पाडव्यापतोर तरी कामावर ठेवा. पायजे तर माझी गाडी घ्या." जयराजने बिल्ला उलटसुलट करून पाहिला. त्याचाही चेहरा उतरला होता, हे नाकारून चालणार नाही. पण तो म्हणाला, "एकाला परत दिली तर उद्या माझा शब्द कोण ऐकेल? जमा झाली ती झाली." आणि त्याने ती वरच्या खिशात टाकली.

अण्णाप्पा म्हणाला, कोर्टात जाऊ. आकारामने नकारार्थी मान हलवली. कोर्टाच्या तारखा आणि त्याचा पाडवा, यांतलं आधी काय येईल हे त्याला कुणी सांगायला नको होतं. मग अण्णाप्पाही आपल्या टँकरमध्ये जाऊन बसला. तो काय करणार होता दुसरं?

आकाराम चालत घरी आला. वाटेत संघाचे टँकर शेजारून गेले. एकानेही हॉर्न दिला नाही. एरवी हॉर्न दिल्याशिवाय कुणी पुढे जात नसे.

चंद्राबाई उंबऱ्यात वाट बघत उभी होती. अंगावर तेच लुगडं, सकाळी धुवून पुन्हा नेसलेलं. टँकर सुटले ते तिने रस्त्यावरून जाताना पाहिले होते, त्यामुळे तिचा चेहरा फुलला होता.

"मिटलं म्हणं! बघा, मी म्हणलं हुतं का न्हाई? गाडी कुठं लावली?"

त्याने खिशातून लाल दोऱ्याची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

"आगं बया, दिल्या व्हय परत परातीतल्या?" ती वळून लगबगीने कपाटाकडे निघाली. "लय बरं झालं. उद्या सुभेदार भाऊजींच्याकडं जायाला चांगलं लुगडं..."

"चंद्रा," तो म्हणाला. "ती परातीत गेलीच न्हवती."

तिने किल्ली कुलपात घातली होती. ती तशीच धरून चंद्राबाई उभी राहिली, आणि कपाट तिने काही उघडलं नाही.